पैलवानाला एकदाच मारायला सांगितलं होतं

१ मार्च, सकाळी

आजपासून राग बंद. हात उचलायचा नाही. वस्तू फेकायच्या नाहीत. "तुमचं डोकं हातोड्याखाली ठेवू का" असं कुणाला विचारायचं नाही. माझा स्वभाव मुळात लोण्यासारखा आहे. समोरचे लोक तापवतात, त्याला लोणी काय करणार?

कारण असं की काल लेक येऊन गेली. म्हणाली, आई, बाबांना जाऊन वर्ष झालं, आता वर्कशॉप बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. म्हटलं, तुझ्याकडे येऊन काय करू, पडद्याच्या कड्या मोजू? ती रडली, मी ओरडले, शेवटी तह झाला. पंधरा तारखेला यंत्र तपासायला शिक्कावाली बाई येतेय. तिने पैलवानाला पास केलं तर वर्कशॉप माझं आणि मी इथेच. नापास केलं तर किल्ली लेकीच्या हातात आणि मी तिच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी.

मी लगेच हो म्हटलं. पास न व्हायला काय धाड भरलीय?

पैलवान म्हणजे आमचं यंत्र. लोखंडी हात आणि टोकाला हातोडा. लोक बॅगा, खुर्च्या, हेल्मेटं आणून देतात. सांगू तितक्या वेळा पैलवान मारतो. माल टिकला की आम्ही तसं लिहून देतो. लग्न झाल्यापासून आमच्या घरात रोज मारहाण चालू आहे, आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणतो की मी तापट.

आजची मारामारी: शून्य. (अजून नऊच वाजलेत.)

२ मार्च

जुना कंप्युटर गेल्या महिन्यात धूर सोडून वारला. नवा आलाय. कंप्युटर बदलला म्हणून पुन्हा शिक्का पाहिजे, नाहीतर शिक्कावालीचं इथे काय काम.

पैलवानाच्या कमरेला एक कार्ड बसवलंय, ते व्याहीबुवांनी केलेलं. आमच्या जावयाचे वडील. आधी रेडिओ दुरुस्त करायचे. कार्डापासून कंप्युटरपर्यंत नेटवर्कची केबल. आणि कंप्युटरचा हुकूम केबलमधून नेणारा, तिकडचा निरोप आणणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. तो आमच्या यांनी, लेकीच्या बाबांनी लिहिला. म्हणजे हे बोलायचे आणि मी टाईप करायची, कारण यांच्या डोळ्यांना शेवटी शेवटी म्हैससुद्धा दिसत नव्हती. माझी शाळा सातवीपर्यंत. एका खोलीत चार इयत्ता आणि पाचवी इयत्ता म्हणजे मास्तरांची झोप. पण ड्रायव्हरची ओळन् ओळ माझ्या बोटांतून गेलीय. तेव्हा ड्रायव्हर खरा कुणाचा? बोलायला काय, कुणीही बोलतं.

नव्या कंप्युटरवर घालताना साफसफाई केली. यांना पसाऱ्याची भारी हौस. दोन ओळी तर निव्वळ शोभेच्या. एक जातानाची, एक येतानाची. आकडा केबलमध्ये घालताना उलटापालट करायची, तिकडून आला की परत उलटापालट. म्हणजे पाहुण्याला दारात उलटं टांगायचं आणि आत घेऊन सुलटं करायचं. शेजारी यांनी टाईप करायला लावलेलं: हे काढू नये.

कुणाला सांगताय?

जुन्या कंप्युटरवर एकदा यांच्याशी भांडण झालं तेव्हा मी सूड म्हणून त्या दोन्ही ओळी उडवल्या होत्या. काडीचा फरक पडला नव्हता. चार दिवसांनी गुपचूप परत टाकल्या. यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काढल्या. ड्रायव्हर कसा हलका झाला. बाळंत झाल्यासारखा.

एक गोष्ट मात्र यांनी चांगली घातलीय, ती ठेवली. काम संपलं की कार्ड कळवतं, इतके मारले. मागितल्यापेक्षा कमी भरले तर ड्रायव्हर सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करायला लावतो. कामचुकाराला हेच औषध.

३ मार्च

चाचणी. पैलवानासमोर उशी ठेवली. सातशे एकाहत्तर मागितले. हा आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा नंबर. चाचणीला मी नेहमी हाच घालते. पैलवान लागला मारायला. उशीतून कापूस, कापसातून धूळ, धुळीतून शिंक. बरोब्बर सातशे एकाहत्तरला थांबला. मग पुन्हा चालू करून मध्येच "थांब" दिलं. थांब म्हणजे शून्याचा हुकूम. तिथल्या तिथे गप्प.

लेकीला फोन केला. म्हटलं, मागच्या खोलीत इस्त्रीच ठेव, माझी वाट बघू नकोस. तिने विचारलं, सासऱ्यांना एकदा दाखवलंस का? म्हटलं, कशाला, ते येऊन कार्डावर फुंकर मारणार आणि अर्धी किटली चहा पिणार.

शिंप्याने खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मी वरून पाय आपटला. ही मारामारी नव्हे, हा पत्रव्यवहार.

५ मार्च, दुपारी

अक्षर वेडंवाकडं येतंय. रागाने नाही. मी राग सोडलाय.

बॅगवाला आला होता. शिक्कावालीसमोर त्याचीच बॅग मारायची आहे म्हणून नमुना घेऊन आला. निळी, चार चाकांची. म्हणाला, बाई, आधी एकच फटका मारून दाखवा, मला फक्त ओरखडा बघायचाय. व्याहीबुवाही टपकले होते, चहाच्या वेळेला ते बरोबर टपकतात.

मी एक मागितला. पैलवानाने एक मारला. मग दुसरा मारला. मग तिसरा. बॅगवाला म्हणाला, पुरे. पैलवानाला कुठे कान आहेत. मी "थांब" देणार होते, पण म्हटलं, माझा ड्रायव्हर चुकणार नाही, आत्ता थांबेल. बॅगेला पोचा आला, पोच्याचा खड्डा झाला, खड्ड्याचं भोक झालं. बॅगवाला किंचाळायला लागला. एक चाक निघालं आणि सुटलं ते थेट व्याहीबुवांच्या कपाळावर. दुसरं कंप्युटरच्या स्क्रीनवर, कोपऱ्यात तडा. व्याहीबुवा खाली बसले, पण तोंडाने मोजत राहिले. हा माणूस सरणावरही मोजेल.

थांबला एकदाचा. व्याहीबुवा कपाळ धरून म्हणाले, दोनशे छप्पन.

मी स्क्रीन बघितला. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं: मागितले एक, मारले एक.

म्हटलं, बघा! माझा कंप्युटर एकच म्हणतोय! तुमच्या कार्डाला मोजता येत नाही! ते म्हणाले, विहीणबाई, डोळ्यांनी काय बघितलंत? म्हटलं, डोळ्यांपेक्षा स्क्रीन खरा. ते म्हणाले, अहो, बॅगेचा चुरा झालाय. म्हटलं, बॅगच रडकी.

यावर बॅगवाला मध्ये पडला. पडायला नको होता. पक्कड माझ्या हातात होतीच, ती हातातून गेली. फेकली नाही. गेली. भिंतीचा पोपडा पडला, बॅगवाल्याचा कान वाचला.

आजची मारामारी: धरायची नाही. यंत्राची होती.

६ मार्च

पैलवान असा का वागला याची कारणं सापडली. एक, शिंप्याच्या मशीनचा धक्का जिन्यातून वर येतो. दोन, बॅगवाल्याची दृष्ट. तीन, व्याहीबुवांचं कार्ड. चार, पुन्हा व्याहीबुवांचं कार्ड.

शिंप्याला खाली जाऊन सांगितलं की दुपारी मशीन बंद ठेवा. त्याने कात्री दाखवली. मी त्याची फूटपट्टी मोडली. लाकडी होती, मोडायलाच आली होती.

७ मार्च

व्याहीबुवा कपाळाला पट्टी लावून आले. टेबलावर चार डबे मांडून मला समजवायला बसले. मी ऐकून घेतलं. म्हातारा माणूस, मन मोडवत नाही.

त्यांचं म्हणणं असं. कंप्युटर आकडा डब्यांत भरून ठेवतो. एका डब्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. त्याच्या वर गेलं की शेजारचा मोठा डबा घ्यायचा, आणि मोठ्या डब्यातला एक म्हणजे दोनशे छप्पन. आता डबे दोन, तर केबलमधून आधी कुठला पाठवायचा? नेटवर्कचा कायदा ठरलेला: मोठा आधी. कार्ड तसंच धरून बसलंय. पण तुमचा नवा कंप्युटर, विहीणबाई, लहान आधी ठेवतो. तुम्ही एक मागितलात. लहान डब्यातला एक पुढे गेला, कार्डाला वाटलं हाच मोठा. झाले दोनशे छप्पन.

म्हटलं, म्हणजे पंगतीला तुमच्याकडे थोरांना आधी वाढतात आणि माझ्याकडे पोरांना. ते म्हणाले, अगदी तसंच! म्हटलं, मग उपाशी कोण राहिलं? ते म्हणाले, बॅग.

मग म्हटलं, आणि सातशे एकाहत्तर कसे बरोबर आले, बोला! ते हसले. त्या आकड्याच्या दोन्ही डब्यांत तीन आणि तीनच आहेत, म्हणाले, उलटा वाचा नाहीतर सुलटा. आणि थांबायला सांगता तेव्हा शून्य, त्याला ना डोकं ना पाय. जगातले नेमके तेच आकडे घेऊन तुम्ही चाचणी केलीत.

मग स्क्रीनवर एक कसा आला? ते म्हणाले, जाताना उलटा गेला, येताना परत उलटा वाचला. चोर गेला तोंड लपवून, आला तोंड लपवून, चौकीदार म्हणतो कुणी आलंच नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, ड्रायव्हरमध्ये उलटापालट करणाऱ्या ओळी असायला हव्यात, तुम्ही काही काढलंत तर नाही ना?

म्हटलं, मी? मी टाईप केलेलं कधी काढत नाही.

दोन डबे जिन्यावरून खाली गेले. धक्का लागला.

८ मार्च, दुपारी

व्याहीबुवा बाकावर घोरत होते तेव्हा जातानाची ओळ परत टाकली. चूक म्हणून नव्हे. सुधारणा म्हणून. येतानाची टाकली नाही. आपल्याच घरात परत येणाऱ्याला कशाला उलटं टांगायचं?

व्याहीबुवांना बोलले नाही. त्यांना वाटेल त्यांचं ऐकलं.

ते उठल्यावर म्हणाले, कार्ड जरा घरी नेतो, धूळ झटकून आणतो. म्हटलं, न्या, झटका, हवं तर बदडा.

९ मार्च

एक मागितला. दोनशे छप्पन.

या वेळी पैलवानासमोर स्टुलावर दुसरी उशी होती, ती फुटली, मग स्टूल फुटलं, मग फरशी. मी व्याहीबुवांना म्हटलं, तुमच्या डब्यांच्या कथेला आग लावा. ते म्हणाले, तुमच्या ड्रायव्हरला आग लावा. मी उरलेली उशी त्यांच्या डोक्यात घातली. त्यांनी माझ्यावर चहाची गाळणी उगारली. मी म्हटलं, मारा की! बाईमाणसावर हात उगारता! ते म्हणाले, तुम्ही बाईमाणूस नाही, तुम्ही दोनशे छप्पन माणसं आहात.

हे मात्र बरं वाटलं.

ते गेल्यावर ओळ परत काढली. सुधारणेचा उपयोग नाही तर ठेवायची कशाला.

त्यांनी कार्ड परत घरी नेलं. धूळ राहिली म्हणे.

१० मार्च

एक मागितला. दोनशे छप्पन.

व्याहीबुवांच्या सदऱ्याची बाही माझ्या हातात आली. ती आधीच उसवलेली असणार. माझ्या चष्म्याची काडी गेली. खालून शिंपी आला, झाडू घेऊन. त्यालाही झाडूनेच परत पाठवला, दोघांनी मिळून. एवढ्यापुरती एकी झाली.

पाच दिवस उरलेत. किल्लीला रात्री हात लावून बघते, आहे ना कमरेला.

११ मार्च

लेक आली. आमच्याकडे बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अगदी माझ्यासारखी. म्हणाली, आई, आठ तारखेला ड्रायव्हरमध्ये काय केलंस? मी छताकडे बघितलं. म्हणाली, बाबा, तुम्ही कार्ड घरी आणून काय करत होतात? हे नव्हे, व्याहीबुवांना ती बाबा म्हणते. त्यांनी जमिनीकडे बघितलं.

झालं होतं असं. मी इकडे आकडा सुलटा करून पाठवला, त्याच दिवशी त्यांनी तिकडे येणारा आकडा उलटा करून घ्यायची सोय केली, माझं तोंड बंद व्हावं म्हणून. दोघांनी फिरवला, तो फिरून होता तिथेच आला. मग भांडण झाल्यावर मीही काढलं, त्यांनीही काढलं. परत तिथेच.

लेक हसून हसून पैलवानावर रेलली. मग डोळे पुसून म्हणाली, एकाच्याच दारात फिरवायचं. बाहेर पडताना, आईच्या दारात. बाबा, तुम्ही कार्डाला हात लावायचा नाही. आई, तू ओळ टाक आणि तीसुद्धा परत हलवू नकोस. दोघांकडून शपथ घेतली. म्हणाली, माझी शपथ. मी म्हटलं, तुझी कशाला, व्याहीबुवांची घेते. म्हणजे मोडली तरी नुकसान नाही.

१२ मार्च

ओळ टाकली. एक मागितला.

ठो.

आणि गप्प.

आम्ही दोघं श्वास धरून बसलो. पैलवान हात खाली सोडून उभा. खाली शिंप्याचं मशीनसुद्धा थांबलं, त्याला वाटलं मी मेले. मी व्याहीबुवांच्या पाठीत आनंदाने गुद्दा घातला. ते खोकले. दोन मागितले, ठो ठो. पाच मागितले, पाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कापसाची धूळ.

व्याहीबुवांनी विचारलं, स्क्रीनवर काय येतंय? म्हटलं, स्क्रीन फुटलाय, त्यावर टॉवेल टाकलाय, काच हाताला लागते. आणि कान असताना स्क्रीन कशाला? पैलवानाचा फटका कानाला कळतो. ते म्हणाले, त्या दिवशी म्हणत होतात डोळ्यांपेक्षा स्क्रीन खरा. म्हटलं, तो त्या दिवशीचा स्क्रीन होता.

म्हणाले, तरी एकदा येतानाची ओळ…

म्हटलं, चहा घ्या.

आजची मारामारी: एक गुद्दा, प्रेमाचा.

१५ मार्च, सकाळी

आज शिक्का. अंघोळ करून, चष्म्याला दोरा बांधून, किल्ली पदराला घट्ट गाठ मारून तयार. हे असते तर म्हणाले असते, बाई, घाई करू नकोस. आज घाई नाहीच. लेकीने सांगितलंय, आई, आज फक्त हात मागे बांधून उभी राहा. राहीन. मी दगडासारखी शांत आहे.

१५ मार्च, दुपारी

थोडक्यात लिहिते, पैलवान चालू आहे.

शिक्कावाली बाई बारीक, चष्म्याची, न बोलणारी. बॅगवाला नवी बॅग घेऊन लांब उभा. पक्कड मी आधीच कपाटात ठेवली होती.

बाईने एक फटका मागितला. ठो. एकच. मी लेकीकडे बघून मान उडवली. बाईने पुढे होऊन स्क्रीनवरचा टॉवेल काढला. म्हणाली, मारला एक, इथे दोनशे छप्पन का? मी म्हटलं, ताई, आमच्या पैलवानाचा एकच तेवढ्याला भारी असतो. व्याहीबुवा खोकायला लागले. बाईने कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाली, ठीक, आता दहा हजार.

दहा हजार म्हणजे जेवणं होऊन जातात. झालीही. पैलवान मारतोय, बॅग टिकलीय, बॅगवाला हसतोय. लेकसुद्धा हसली माझ्याकडे बघून. मला वाटतं, इस्त्रीचं टेबल आता त्या खोलीत एकटंच राहणार.

१५ मार्च, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. लिहिते.

पैलवान थांबला. कार्डावर एक छोटा दिव्यासारखा आकडा दिसतो, तो बघून व्याहीबुवा ओरडले, दहा हजार! बॅगवाल्याने टाळी वाजवली. बॅगेवर नुसते ओरखडे. शिक्कावालीने शिक्का पिशवीतून काढला. मी बघितला तो, लाकडी मुठीचा.

तेवढ्यात स्क्रीन बघितला. मारले: चार हजार एकशे पस्तीस.

आणि पैलवानाने हात परत उचलला. कमी भरले, पुन्हा पहिल्यापासून. यांनी घातलेलंच होतं.

व्याहीबुवा म्हणाले, विहीणबाई, थांबवा, दहा हजार झालेत, तुम्ही येतानाचा आकडा उलटा वाचताय! मी म्हटलं, माझा स्क्रीन चार हजार म्हणतो, तुमच्या कार्डाने सहा हजार खाल्ले! ते "थांब"च्या बटणाकडे धावले. मी आडवी झाले. म्हटलं, पैलवान अर्धवट काम करत नाही. लेक म्हणाली, आई, हट. मी म्हटलं, आज माझ्या ड्रायव्हरला कुणी हात लावायचा नाही. हातात स्क्रूड्रायव्हर कुठून आला ते मला खरंच माहीत नाही.

बॅग किती टिकणार? आधी मूठ गेली. मग झाकण. मग चारही चाकं चार दिशांना, एक शिक्कावालीच्या चष्म्याला चाटून गेलं, एक खिडकीतून शिंप्याच्या दुकानावर. बॅगवाल्याने तुटलेली मूठ उचलून व्याहीबुवांच्या पाठीत हाणली, त्यांचा काही संबंध नसताना. व्याहीबुवांनी त्याच्या अंगावर चहाची किटली ओतली. शिंपी कात्री घेऊन वर आला, पाय चाकावर पडला, तो थेट माझ्यावर. मी त्याला धरून पैलवानाच्या टेबलावर, टेबल मोडलं, पैलवान रिकाम्या हवेत ठो ठो मारत राहिला आणि मग फरशीत. लेकीने सगळ्यांच्या डोक्यावरून हात घालून शून्य दिलं.

थांबला. शून्याला ना डोकं ना पाय.

शिक्कावाली बाईने शिक्का पिशवीत परत ठेवला. ती पहिल्यांदाच नीट बोलली. म्हणाली, यंत्र बरोबर मारतं. पण किती मारलं हे ज्याला कळत नाही, त्याला मी शिक्का देऊ शकत नाही. ती यंत्राबद्दल बोलत होती, असं मला वाटतं.

लेकीने नुसता हात पुढे केला. पदराची गाठ मला सुटेना. तिनेच सोडली.

१७ मार्च

लेकीचं घर. मागची खोली. इस्त्रीचं टेबल आहेच.

जेवायला बसलो तेव्हा लेक पातेलं घेऊन आली. मी म्हटलं, आधी व्याहीबुवांना वाढ. व्याहीबुवा म्हणाले, आधी विहीणबाईंना. लेक दोनदा इकडून तिकडे फिरली आणि पातेलं मध्ये ठेवून निघून गेली. दोघं गारच जेवलो.

१९ मार्च

मी विचारलं नव्हतं, तरी व्याहीबुवांनी सांगितलं. जुना कंप्युटरसुद्धा थोरांना आधी वाढणाराच होता. केबलचा जो रिवाज तोच त्याचा. म्हणून त्या दोन ओळींना तेव्हा काही कामच नव्हतं. काढल्या काय, ठेवल्या काय.

मी म्हटलं, मग यांनी घातल्या कशाला?

ते म्हणाले, आज ना उद्या कंप्युटर बदलेल, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा आपण नसू, हेही.

मी उठून इस्त्रीला एक लाथ मारली. गरम होती.

२२ मार्च

लेकीच्या कंप्युटरवर येतानाची ओळ टाकली. शेजारी यांचं वाक्य जसंच्या तसं टाईप केलं: हे काढू नये. त्याखाली माझं: कुणीही. पायाला पट्टी असली तरी बोटं चालतात.

व्याहीबुवा ती घेऊन वर्कशॉपला गेले. किल्ली त्यांच्याकडे असते आता. संध्याकाळी परत आले. एक मागितला, म्हणाले, एक मारला, स्क्रीनवर एक आला. दहा हजार मागितले, दहा हजार आले. शिक्कावाली बाई आली होती. शिक्का मिळाला. त्यांच्या नावाने.

म्हटलं, बघा, ड्रायव्हरमध्ये काही खोट नव्हतीच.

ते हसले. कपाळावरची खूण अजून आहे.

म्हटलं, आता शिक्का मिळाला, किल्ली द्या. ते म्हणाले, विहीणबाई, किल्ली एकानेच फिरवायची. दोघांनी फिरवलं की काय होतं ते पाहिलंय आपण.

आजची मारामारी: एक चमचा. नेम चुकला.